वैनींचा तिखट पाला

ही गोष्ट सांगायची मी फार वर्षं टाळली. आधी आई होती म्हणून, मग अण्णा होता म्हणून, आणि दोघंही गेल्यावर आता सांगून काय उपयोग म्हणून. टाळायला कारण कधी कमी पडलं नाही.

मागच्या महिन्यात पुतणीकडं जेवायला गेलो होतो. तिच्या लेकीला दिवस गेलेत. कोशिंबिरीत कुणीतरी मोहरीचा कोवळा पाला चिरून घातला होता. पुतणीनं लेकीच्या ताटातली कोशिंबीर काढून घेतली आणि म्हणाली, "तिखट पाला नको खाऊस बाई. माझ्या आईनं पहिलं बाळ अळिवाच्या पाल्यापायी घालवलं. जीभ आवरली न्हाय तिला." रागानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. घरात चालत आलेली गोष्ट सांगावी तशी सहज सांगून ती भात वाढायला वळली. मी समोरच बसून भाकरी मोडत होतो. तेव्हाही तोंडातून शब्द फुटला नाही. घरी येऊन हे लिहायला बसलो.

पुतणीची आई म्हणजे माझी वैनी, थोरल्या भावाची, अण्णाची बायको. सत्तरच्या आसपासची गोष्ट. आमचं घर कोल्हापुरात, पुढं दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर आणि त्यामागं हातभर परडं. परड्यात कढीपत्त्याचं झाड, तुळस आणि भांडी घासायचा दगड. वडील लवकर गेलेले. घरात आई, अण्णा, वैनी आणि मी. अण्णा सरकारी कचेरीत, मी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर.

वैनींचं माहेर गडहिंग्लजच्याही खाली, सीमेला लागून. बोलण्यात कानडी शब्द येत. आईला त्या "आत्ती" म्हणत आणि रागावल्या की तोंडातल्या तोंडात कानडीत पुटपुटत. तिकडं जेवताना ताटात भाकरीशेजारी कच्च्या पाल्याचा ढीग लागतो. मुळ्याचा पाला, कांद्याची पात, कोवळी मेथी, पात्री आणि अळीव. घास मोडायचा, चटणीला लावायचा, वर पाला कोंबायचा. आमच्याकडं पालेभाजी म्हणजे शिजवलेली, पीठ पेरलेली, लसणाची फोडणी घातलेली. पहिल्या दिवशी वैनी कच्चा पाला घेऊन जेवायला बसल्या तेव्हा आई पदराआड हसली.

मी मात्र तोंडावर बोललो, "वैनी, शेळीचा चारा खाताय व्हय?"

"शेळी कधी आजारी पडलेली बघितलासा काय भावजी?" वैनी म्हणाल्या आणि पुढचा घास मोडला.

त्या दिवसापासून त्या पाल्याला आमच्या घरात शेळीचा चारा हेच नाव पडलं. ते नाव मी ठेवलं होतं, हे लक्षात असू द्या.

अळीव तुम्हाला माहीत असेल तो लाडवातला. बारीक, तांबूस बी, बाळंतिणीला देतात. त्या बियाचा पाला खातात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. कोल्हापुरात दुकानात अळीव मागितला की दुकानदार विचारणारच, "घरात बाळंतीण हाय काय?" लग्नाला दोन-तीन वर्षं होऊन मूल नसलेल्या बाईनं ते ऐकायचं म्हणजे काय ते वैनींनाच ठाऊक. म्हणून त्या दुकानातून बी घेत नसत. माहेराहून फडक्यात बांधून आणत, परड्यात डब्यांत पेरत आणि एका डब्यातली रोपं न खुडता फुलू देत. बारीक पांढरी फुलं येत, मग शेंगा. त्यातून पुढचं बी.

पेरायची त्यांची तऱ्हा मी अनेकदा बघितली आहे. तुपाचे रिकामे चौकोनी डबे आडवे कापून घेतलेले, बुडाला खिळ्यानं भोकं. त्यात माती आणि चाळलेली चुलीची राख. अळिवाच्या बियाला पाणी लागलं की ते बुळबुळीत होतं आणि बोटाला चिकटून बसतं, म्हणून हात कोरडा ठेवून, बी राखेत मिसळून, मीठ भुरभुरावं तसं पेरायचं. वर ओलं गोणपाट. तांब्यानं पाणी ओतायचं नाही, नाहीतर बी सगळं एका कोपऱ्यात वाहून जातं. हात बुडवून शिंपडायचं. दोन-तीन दिवसांत गोणपाट थोडं उचललेलं दिसे. खालून रोपं ढकलत असत. वैनी कोपरा उचलून बघत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते इतर वेळी फारसं दिसत नसे.

एक डबा खुडायला आला की दुसरा पेरायचा. असा तो पाला दिवाळीपासून शिमग्यापर्यंत कधी आटत नसे. उन्हाळ्यात डबे कढीपत्त्याखाली सरकवत, पण तेव्हा पाला कडू होई. थंडीतला खरा. पहिल्यांदा काही वाटत नाही, मग जिभेवर मिरी फुटल्यासारखं होतं आणि नाकात जातं.

मला हे कसं ठाऊक, तर मी तो खात होतो. घरात नाही. वर्कशॉपमध्ये.

झालं असं की एकदा वैनींनी माझ्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून मूठभर पाला घातला. मी काढून बाजूला ठेवला. माझ्याशेजारच्या लेथवरचा दोस्त मुसलमान होता. त्यानं उचलून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाला, "लेका, ह्याला जोडी पाहिजे." आणि स्वतःच्या डब्यातला खिमा माझ्या डब्याच्या झाकणात वाढला.

आमचं घर लिंगायतांचं. गळ्यात लिंग, आणि घरात मटण-अंड्याचं नावसुद्धा निघत नसे. मी खिम्याकडं बघत राहिलो, मग खाल्ला. वर तो तिखट पाला. काय सांगू तुम्हाला. त्या दिवसापासून वर्कशॉपात आमचा सौदाच ठरला. पाला माझा, खिमा त्याचा. पुढं पुढं सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या घरीच जायला लागलो. त्याची आई चुलीपुढं बसलेली असायची. मी दारात दिसलो की आधी हाताकडं बघायची.

"आणलास काय रं पाला?"

"आणलाय अम्मा."

"मग ये आत. न्हाय तर माघारी गेलास तरी चालतंय." आणि स्वतःच हसायची. पाला झटकून ताटात पसरायची, वर लिंबू पिळायची. म्हणायची, "तुझ्या भाभीच्या हाताला बरकत हाय. सांग तिला."

मी वैनींना कसा सांगणार? पण सांगायची गरज पडली नाही. डबा मी वर्कशॉपच्या नळावर खळबळून आणायचो, तरी तेलाचा वास मागं राहतो. डबे घासायचं काम वैनींचं. एक दिवस त्या भाकऱ्या थापता थापता वर न बघता म्हणाल्या, "भावजी, डबा मोरीत ठेवत जाऊ नका. परड्यात दगडावर ठेवा. मी तिथंच घासते."

मी डबा उचलला. त्या म्हणाल्या, "राखंनं आणि लिंबाच्या सालीनं वास जातोय. आत्तींच्या नाकाला लई लांबचं कळतंय."

एवढंच. त्यांनी स्वतः जन्मात मटण शिवलं नव्हतं. तो डबा घासताना त्यांना काय वाटत असेल हे मी त्या वयात मनात आणलं नाही. उलट मला धीर आला. घरात सगळ्यांसमोर मी "शेळीचा चारा" म्हणून चेष्टा करायचो आणि सकाळी सायकलला डबा अडकवताना वैनी हळूच विचारायच्या, "चारा घातलाय बरं का. शेळी खाईल न्हवं?" आम्ही दोघंही हसायचो. मला बहीण नव्हती. थोरली बहीण असती तर असंच काहीतरी असतं, असं वाटायचं.

मग वैनींना दिवस राहिले. घर बदलून गेलं. आई, जी कधी देवळाशिवाय बाहेर पडायची नाही, ती शेजारपाजारी बसून यायला लागली. तिनं वैनींना जवळ बसवून काय खायचं, काय नाही ते सांगितलं. पपई नको, तीळ नको. आणि अळीव तर अजिबात नको, तो उष्ण. "बाळंतपण होऊ दे," आई म्हणाली, "मग मीच लाडू करून घालते, खाऊन खाऊन कंटाळशील." आणि खरंच, एवढ्या लवकर जाऊन तिनं दुकानातून अळीव आणला आणि काचेच्या बरणीत भरून फळीवर ठेवला. दुकानदारानं विचारलं असणार, आणि आईनं मान वर करून उत्तर दिलं असणार.

वैनींनी त्या दिवसापासून पाल्याचं एक पान तोंडात घातलं नाही. मला हे पक्कं ठाऊक आहे. मला एकट्यालाच ठाऊक आहे.

त्या डबे उलटून माती मोकळी करायला निघाल्या होत्या. मी परड्यात गेलो आणि म्हणालो, "वैनी, बंद नका करू."

"आता कुणाला पाहिजे?"

"तिकडं अम्मा वाट बघतात. आणि मला न्हवं काय?"

त्यांनी डब्यातली माती बोटानं चाचपली. मग म्हणाल्या, "आत्तींना वाटंल मीच खाते."

"आईनं विचारलं तर सांगतो की मी. मी खातो म्हणून सांगतो. मी हाय न्हवं?"

त्यांनी हातातला डबा पुन्हा दगडावर ठेवला. "बरं," म्हणाल्या. "तुम्ही हायसा तर पेरते."

हे बोलणं मी शब्द न् शब्द लिहिलं आहे. मधल्या वर्षांत खूप काही विसरलो, हे राहिलं.

चौथा महिना चालू होता. मी कामावरून आलो तर दारात शेजारच्या बायका. वैनींना सकाळपासून त्रास होत होता, दुपारी दवाखान्यात नेलं होतं, आणि सगळं संपलं होतं. डॉक्टरीणबाईंनी अण्णाला सांगितलं होतं की असं पुष्कळ वेळा होतं, कारण सापडत नाही, कुणाची चूक नसते. अण्णानं ते घरी येऊन सांगितलं, पण त्याचा आवाज इतका पडला होता की ते कुणाच्या कानापर्यंत गेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी वैनींना घरी आणलं. मधल्या खोलीत घोंगडं अंथरून त्या भिंतीकडं तोंड करून निजल्या. आई पाणी तापवायला लाकडं आणायला परड्यात गेली आणि बराच वेळ आत आली नाही. आली ती हातात डबा घेऊन. अर्धा डबा नुकता खुडलेला होता. मीच आदल्या सकाळी नेला होता. त्या महिन्यांत खुडलेलं पान न् पान माझ्याच डब्यात गेलं होतं.

"हे कुणी खुडलं?" आई म्हणाली.

तिनं डबा घोंगड्याशेजारी ठेवला.

"मी विचारतेय, हे कुणी खाल्लं? एवढं सांगून, एवढं बजावून." तिचा आवाज चढला नाही, तो कापत होता. आई दुष्ट नव्हती. हे मला आवर्जून लिहायचं आहे. तिनं बरणी भरून ठेवली होती, आणि ती फळीवरून तिच्याकडं बघत होती. तिला कुणावर तरी हे सगळं ठेवायचं होतं.

अण्णानं माझ्याकडं बघितलं. "तू खातोस काय रे हा पाला?"

त्या वेळी कुरुंदवाडचं स्थळ माझ्यासाठी ठरत आलं होतं. मुलगी बघून झाली होती, मला आवडली होती. माणसं आचाराला फार कडक. मी पाला खातो म्हटलं असतं तर आईनं विचारलं असतं, घरात तर कधी तोंडाला लावला नाहीस, मग खातोस कुठं? कशाबरोबर? कुणाकडं? हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं असं आज लिहिताना वाटतं. खरं तर तेव्हा फक्त भीती वाटली. तोंड आपोआप उघडलं आणि रोजचीच चेष्टा बाहेर पडली.

"मी? शेळीचा चारा मला कुठं आवडतोय?"

वैनींनी भिंतीकडचं तोंड वळवलं. माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी कदाचित बोललो असतो. त्या थांबल्या होत्या, मी पुढं आणखी काही बोलतोय काय याची वाट बघत होत्या. मी चौकटीला धरून उभा होतो. मग त्यांनी आईकडं बघून हळू म्हटलं,

"चुकलं, आत्ती."

आणि पुन्हा भिंतीकडं वळल्या.

त्यांच्याकडं सांगायला सगळं होतं. एका वाक्यात त्या मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी माझं लग्न, माझं घरातलं तोंड, सगळं झाकलं आणि स्वतःवर ते घेतलं, तेही अशा दिवशी.

आईनं सगळे डबे कढीपत्त्याच्या बुडाशी उपडे केले. काही दिवसांनी तिथं त्या मातीतून आपोआप अळीव उगवला, दाट, हिरवागार. कुणी खुडला नाही. वाढला, पांढरा फुलला, वाळला. मी सायकल काढताना तिकडं बघायचं टाळायचो. दोस्ताच्या घरी जाणंही बंद केलं. त्यानं एकदा विचारलं, "अम्मा विचारत्यात, भाभीचा पाला संपला काय?" मी म्हणालो, संपला.

माझं लग्न झालं. काही वर्षांनी वैनींना मुलगी झाली, हीच माझी पुतणी. आईनं अळिवाचे लाडू केले, ओलं खोबरं, गूळ, जायफळ घालून. वैनींनी मुकाट्यानं खाल्ले. बारशाला जमलेल्या बायकांत आई कौतुकानंच म्हणाली, "ह्या खेपंला जीभ सांभाळली सूनबाईनं." बायका हसल्या. वैनीही हसल्या. मी पेढ्यांचं ताट घेऊन त्यांच्यासमोर उभा होतो. त्यांनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्ही घेतलासा काय?"

तो शब्द, जीभ, वैनींना चिकटून राहिला. भाजीत तिखट जास्त पडलं तरी तो निघे. पुतणी तो ऐकतच मोठी झाली.

अण्णाची बदली गारगोटीला झाली आणि त्यांनी तिथंच बिऱ्हाड केलं. एकदा मी बायकोला सगळं सांगितलं. तिला खिम्याचा राग येईल असं वाटलं होतं. ती तांदूळ निवडत होती, तिनं हात थांबवला. "मला सांगून काय करू मी?" म्हणाली. "ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

तेव्हा मी स्वतः अळीव पेरला. पहिल्या खेपेला हात ओला होता, बी बोटालाच राहिलं. दुसऱ्या खेपेला पाणी ओतलं, सगळं कोपऱ्यात गेलं. तिसऱ्या खेपेला राखेत मिसळून पेरला आणि तो उगवला. तो डबा मांडीवर घेऊन मी गारगोटीच्या एस.टी.त बसलो. कंडक्टर म्हणाला, "पावणं, ह्याचं अर्धं तिकीट काढा की. बाळागत धरलासा."

वैनी घरात एकट्याच होत्या. डबा बघून त्या उंबऱ्यावर बसल्या, दोन बोटांनी एक शेंडा खुडला आणि तोंडात टाकला. मधल्या सगळ्या वर्षांत त्यांनी तो पेरला नव्हता. चावत राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटानं असावं.

"तुम्ही पेरलासा?"

"व्हय."

"राखंत मिसळून?"

"तुमचंच बघून."

"दाट झालाय," त्या म्हणाल्या. "पण पाणी हातानं शिंपडलंय, ते दिसतंय."

मी बसमध्ये सगळं जुळवून आणलं होतं. कुठून सुरू करायचं, काय म्हणायचं. पण त्या गोणपाटाचं विचारू लागल्या, मग मातीचं, मग माझ्या मुलांचं. भाकरी केली, आम्ही दोघांनी तो पाला चटणीबरोबर खाल्ला. बऱ्याच दिवसांनी इतकं पोटभर जेवलो. मग अण्णा आला, पुतणी शाळेतून आली, आणि परतीच्या बसची वेळ झाली.

वैनी स्टँडवर पोचवायला आल्या. बायकोनं माझ्याबरोबर जेवणाच्या डब्यात दशम्या दिल्या होत्या, तो रिकामा डबा त्यांनी खिडकीतून माझ्या हातात दिला. आत गुळाचा खडा होता. डबा आरशासारखा चकचकीत.

"परड्यात घासलाय, भावजी," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "राखंनं."

याहून मोठं दार कुणी कुणाला उघडून देत नाही. त्या खिडकीखाली उभ्या होत्या, हात पत्र्यावर. मी म्हणालो, "वैनी." त्या म्हणाल्या, "काय?" ड्रायव्हरनं गाडी चालू केली. मी म्हणालो, "तब्येतीला जपा." त्यांनी मान हलवली, गाडी हलली तशी दोन पावलं बरोबर चालल्या आणि मागं राहिल्या.

पुढल्या थंडीत परत जाऊ, तेव्हा सांगू, असं मी ठरवलं होतं. त्याआधीच गारगोटीहून वैनी गेल्याचा निरोप आला.

हे पुतणीला वाचायला देणार आहे. तुझ्या आईनं दिवस राहिल्याचं कळल्यापासून एक पान खाल्लं नव्हतं, हे तिला कळू दे, तिच्या लेकीलाही कळू दे. पण हे लिहिलं आहे ते त्यांच्यासाठी असलं तरी सांगायचं होतं दुसऱ्या कुणाला. त्या दिवशी खिडकीतून एवढंच म्हणायचं होतं: वैनी, तो पाला मी खाल्ला होता, आणि मी हाय म्हणून सांगूनसुद्धा विचारल्यावर मी नव्हतो. तुमचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं.